फुफाजींचे पारदर्शक दात

माझ्या तोंडात दात पुरेसे आहेत, फक्त त्यांचं आपसात पटत नाही. वरचे पुढचे दोघे एकमेकांवर पाय टाकून बसलेत. डावा सुळा वरच्या मजल्यावर वेगळा राहतो. खालची रांग पाहिली तर वाटतं, एसटी लागली आणि सगळे एकदम दारात शिरले. पंचेचाळिशीपर्यंत मला याचं काही वाटलं नव्हतं. मी अमरावतीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो आणि उरलेल्या वेळात सूत्रसंचालन करतो. गावात कोणाचा सत्कार असो, जयंती असो, कोणी निवृत्त होवो, माइक माझ्या हातात असतो. (सत्कारमूर्ती बदलतात, मी तोच राहतो. शाल तेवढी मला मिळत नाही.) त्यामुळे माझं तोंड हे पाहण्याचं नसून ऐकण्याचं आहे, अशी माझी समजूत होती.

माझी मुलगी मैत्री नववीत गेली आणि तिच्या तोंडातही माझीच रांग उगवलेली दिसायला लागली. माझी बायको वैशाली जिल्हा परिषदेत नोकरीला आहे आणि मोजकं बोलते. ती म्हणाली, "लेकीले दुसरं काई देल्लं नाई तुमी. दात तेवढे देल्ले."

आम्ही राजापेठेतल्या एका डॉक्टर मॅडमकडे गेलो. मॅडम तरुण होत्या आणि घाईत होत्या, तरी त्यांनी सगळं नीट सांगितलं. धातूच्या तारा दिसतात, पण त्या सगळ्यात भक्कम आणि कसलाही वाकडेपणा सरळ करतात. दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या तारा कमी दिसतात, पण जपाव्या लागतात, आणि त्यांच्यावरचे रबर आपल्या घरच्या हळदीनं पिवळे पडतात. तिसऱ्या तारा दाताच्या मागून बसवतात, त्या जगाला दिसत नाहीत, फक्त जिभेला कळतात. चौथा प्रकार म्हणजे पारदर्शक साचे. दातांवर टोपीसारखे चढवायचे, जेवताना काढायचे आणि दर थोड्या दिवसांनी नवा जोड घालायचा. मैत्रीचा सुळा फार वर असल्यामुळे तिला धातूच्याच तारा बऱ्या, असं त्यांचं मत पडलं.

एवढं स्पष्ट उत्तर मिळाल्यावर शहाणा माणूस तारीख घेऊन घरी गेला असता. मी शिक्षक आहे. मी म्हणालो, घाई नको, आपण तुलनात्मक अभ्यास करू.

हा अभ्यास मी महिनाभर केला. शाळेच्या स्टाफरूममध्ये केला, पानठेल्यावर केला, एका तेरवीत जेवणाच्या पंगतीतही केला. अमरावतीत दाताबद्दल मत नसलेला माणूस मला भेटला नाही. त्यातले अर्धे लोक स्वतः दातानं सुपारी फोडत होते. आणि मग ही बातमी अकोल्याला पोचली.

अकोल्याला वैशालीचा मोठा भाऊ, संजूदादा, वीज खात्यात आहे. दादाचं एकच तत्त्वज्ञान आहे: जे अमरावतीत मिळतं ते अकोल्यात जास्त चांगलं मिळतं. पाणी सोडून. त्यानं फोनवर वैशालीला विचारलं की पोरीचं तोंड काय अमरावतीच्या डॉक्टरच्या हाती देऊन राहिली, आणि त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडची वेळ आमच्या वतीनं स्वतःच घेऊन टाकली. शिवाय त्याच्या बायकोनं मागून सांगितलं, की पोरीच्या जातीले दात नीट पाह्यजे, उद्या पाहुणे पाहायला आले म्हंजे काय दाखवान?

फोन मोठ्या आवाजावर होता. मैत्री गिला वडा खात होती. ती न बघता म्हणाली, "मंग बाबाचं लग्न कसं झालं?"

"मी फोटोच पाह्यला होता," वैशाली म्हणाली. "त्याच्यात तोंड मिटलं होतं."

तर आम्ही अकोल्याला गेलो. दवाखाना थंडगार होता, भिंतीवर भला मोठा पडदा होता आणि हातात पेनासारखा कॅमेरा घेतलेले एक डॉक्टर होते. त्यांनी मैत्रीच्या तोंडात तो कॅमेरा फिरवला. पडद्यावर तिचे दात ढोलाएवढे दिसू लागले. डॉक्टरांनी सगळं नीट पाहिलं आणि सांगितलं, की सुळा वर आहे, धातूच्या ताराच बऱ्या. अकोल्यात येऊन अमरावतीचंच उत्तर मिळालं याचं संजूदादाला फार लागलं. तो डॉक्टरांना दोनदा म्हणाला की आणखी काही निघते का ते पाहा, आणि मग रुसून बाहेर जाऊन बसला.

या ठिकाणी मी मैत्रीला एक छोटंसं भाषण केलं. मी तिला सांगितलं की बाळ, बाहेरचं रूप महत्त्वाचं नाही, तारा दिसल्या तर दिसू द्याव्या, हसणारे हसतील, आपण आपल्या गुणांनी चमकायचं. मीच दिलेली भाषणं मला नेहमी आवडतात, पण हे विशेष चांगलं झालं होतं. डॉक्टरसुद्धा ऐकत राहिले. किंवा ते ऐकत नसून माझ्या तोंडात बघत असावेत. कारण मी थांबताच ते म्हणाले, सर, आले आहात तर तुमचंही एकदा बघू.

माझे दात पडद्यावर आले. वैशालीनं नजर दुसरीकडे वळवली. मग डॉक्टरांनी कुठलंसं बटण दाबलं आणि माझे दात हलायला लागले. एकमेकांवर बसलेले दोघे उतरले, सुळा खालच्या मजल्यावर आला, खालची रांग राष्ट्रगीताला उभी राहावी तशी उभी राहिली. आणि त्या दातांभोवती माझा चेहरा हसला. मी आयुष्यात कधी तसा हसलो नव्हतो. त्या माणसाला मी कुठल्याही कार्यक्रमाचा अध्यक्ष केला असता.

मी हळूच विचारलं की यात न दिसणारा प्रकार कोणता. डॉक्टर म्हणाले की तुमच्या केसमध्ये पारदर्शक साचे चालतील, पण एक अट आहे: जेवण आणि दात घासणं सोडून दिवसभर, रात्रभर तोंडात ठेवायचे. आत साचे असताना पाण्याशिवाय काहीही प्यायचं नाही. चहासुद्धा. किंमत त्यांनी शेवटी सांगितली, तेव्हा वैशालीनं पिण्याचं पाणी मागितलं. पण मी पडद्याकडेच बघत होतो.

परतीच्या गाडीत वैशाली मूर्तिजापूरपर्यंत त्या किमतीचे हप्ते मोजत होती. मग मैत्री खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बाबा, म्हंजे मले लोखंड अन् तुमाले काच."

मी तिला समजावून सांगितलं की ते लोखंड नसतं आणि ही काच नसते. ती म्हणाली की तिला माहीत आहे.

मैत्रीच्या तारा लागल्या. पहिले चार दिवस ती वरण-भात कालवून खात रडली, पाचव्या दिवशी तिनं तारांवरच्या रबरांचा रंग निळा निवडला आणि विषय संपवला. वर्गात कोणी तिला 'तारघर' म्हटलं तर ती दात काढून दाखवायची. म्हणणारा गप्प व्हायचा. माझं मात्र वेगळं होतं. माझे साचे कोणाला दिसत नव्हते, आणि ते दिसू नयेत म्हणून मला चोवीस तास खटपट करावी लागत होती.

स्टाफरूममध्ये चहा आला की मी उठून बाहेर जायचो. आधी लोकांना वाटलं मला शुगर निघाली. मग मी बाथरूममध्ये जाऊन दात घासतो हे शिपायानं पाहिलं, आणि माझ्या घरी भांडण झालं असून मी शाळेतच आंघोळ उरकतो अशी बातमी पसरली. चहाशिवाय माझं डोकं दुखायला लागलं. शेवटी मी साचे काढून चहा घ्यायचो, मग चहाबरोबर कचोरी यायची, मग गप्पा व्हायच्या, आणि साचे खिशातल्या डबीत दुपारपर्यंत पडून राहायचे. डॉक्टरांना मी सांगायचो की दिवसभर घालतो. डॉक्टर माझ्या दातांकडे बघायचे आणि 'हो का' म्हणायचे.

दुसरी अडचण थोडी नाजूक होती. नवा जोड घातला की सुरुवातीचे दिवस माझा 'स' जायचा. मी 'सकाळ' म्हणायला जायचो आणि 'शकाळ' निघायचं. वर्गात मी या काळात शक्यतो व्याकरणाची लेखी कामं द्यायचो.

असं सगळं बरं चाललं असताना संजूदादाच्या मुलीचं, करुणाचं, लग्न ठरलं. मुलगा अंजनगाव सुर्जीचा, शिक्षक. लग्न मे महिन्यात, अकोल्यात, दुपारी. सूत्रसंचालन कोण करणार हा प्रश्नच नव्हता. मी तिच्या आत्याचा नवरा, म्हणून करुणा मला फुफाजी म्हणते, आणि लहानपणापासून मला सांगत आलीय की माझ्या लग्नात माइकवर तुमीच पाह्यजे.

वैशालीनं आदल्या दिवशी बजावलं की लग्नापुरते ते साचे काढून ठेवा. पण त्याच सुमारास माझी नव्या जोडाची तारीख आली होती आणि डॉक्टरांकडे माझं रेकॉर्ड आधीच बरं नव्हतं. शिवाय फोटो निघणार होते. साचा घातला की माझे दात निदान एकसारखे चमकायचे. मी पहाटे आरशासमोर 'सुस्वागतम्' शंभरदा म्हणून पाहिलं. मला तरी ते ठीक ऐकू आलं. तोंडाला वास नको म्हणून पुदिन्याच्या पाण्यानं भरपूर चुळा भरल्या, नवा जोड चढवला आणि मंचावर गेलो.

हॉल भरलेला होता. कूलर भरारत होते, त्यांच्यासमोर पाहुणे दाटीनं बसले होते. मी माइक हाती घेतला, घसा साफ केला आणि म्हणालो:

"उपश्थित शर्व श्नेहीजनांचं शहर्ष श्वागत."

पहिल्या रांगेत नवऱ्या मुलाचे मोठे काका बसले होते. ते अंजनगावचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. गुरुजींनी शेजारच्याला काहीतरी सांगितलं आणि ते दोघं माझ्याकडे बघायला लागले. मला नंतर कळलं की ते 'श्वा' म्हणजे कुत्रा हे समजावून सांगत होते. श्वागत म्हणजे कुत्र्याचं आगमन. वधूपक्षाचा माणूस व्याह्यांना माइकवरून कुत्रा म्हणत होता, आणि तेही सहर्ष.

मी पुढे बोलत राहिलो. थांबायला हवं होतं, पण हातात माइक असताना थांबायची मला सवय नाही. मी संसार म्हणायला गेलो, 'शंशार' झाला. वधूपित्याचं नाव संजय, त्याचा 'शंजय' झाला. पुढच्या दोन रांगांत कुजबुज सुरू झाली. मग लग्न लावणाऱ्या भंतेजींनी पंचशील दिलं आणि सगळे ते त्यांच्यामागून म्हणू लागले. माझा माइक चालूच राहिला होता. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं, तेव्हा अख्ख्या सभागृहात माझाच आवाज सगळ्यात मोठा होता आणि सगळ्यात जास्त अडखळत होता.

संजूदादा मागच्या पडद्याआडून आला आणि त्यानं मला दंड धरून बाजूला घेतलं. तो रागावलेला नव्हता, दुखावलेला होता. ते जास्त वाईट.

"भाऊजी, आजच्या दिवशी तरी नाई प्यायची होती."

मी म्हणालो की मी थेंबही घेतलेला नाही. पण ते 'शपथेवर शांगतो' असं निघालं. त्यानं माझ्या तोंडाजवळ नाक आणलं. पुदिन्याचा जोरदार वास आला. त्यानं मान हलवली, म्हणजे लपवायचीही तयारी केली होती तर. मग त्यानं सांगितलं की गुरुजी विचारून राहिले, तुमच्याकडे हे नेहमीचंच आहे काय.

आता माझ्यापुढे दोन मार्ग होते. सगळ्यांना सांगायचं, की मी पंचेचाळिसाव्या वर्षी सुंदर दिसण्यासाठी दातांवर टोप्या घातल्यात. किंवा गुपचूप त्या काढायच्या आणि शुद्ध मराठीत कार्यक्रम पुरा करायचा. मी दुसरा मार्ग धरला. पडद्याकडे तोंड केलं आणि दोन्ही साचे काढले. डबी वैशालीच्या पर्समध्ये, वैशाली हॉलच्या दुसऱ्या टोकाला. माइकजवळच्या टेबलावर मखमलीची एक लाल डबी उघडी पडली होती. अंगठी नुकतीच करुणाच्या बोटात गेली होती, त्यामुळे डबी रिकामी होती. मी साचे त्यात ठेवले, टक्कन झाकण लावलं आणि माइककडे वळलो.

मग मी जे बोललो ते मी आजवर केलेल्या सूत्रसंचालनांत सगळ्यात चांगलं होतं. सगळे 'स' जागेवर आले. मी मुद्दाम 'सुसंस्कृत', 'सहजीवन', 'सस्मित' असे शब्द वापरले. गुरुजींच्या कपाळावरची आठी गेली नाही (त्यांना वाटलं, याची उतरली), पण लोकांनी टाळ्या दिल्या. फोटो झाले, आहेर झाला, पंगती बसल्या. मी पुरी, आलू-वांग्याची भाजी, बुंदी असं निवांत जेवलो, हात धुतले, आणि साचे चढवावे म्हणून टेबलाजवळ आलो.

टेबलावर डबी नव्हती.

मी टेबलाखाली पाहिलं, सोफ्यामागे पाहिलं, हारांच्या ढिगात हात घालून पाहिलं.  तो जोड मिळाला नसता तर डॉक्टरांना काय सांगणार होतो? मी संजूदादाला गाठलं आणि त्याच्या कानात एवढंच म्हणालो, की टेबलावरची लाल डबी दिसत नाही.

संजूदादा दिवसभर उपाशी होता. त्यानं फक्त 'लाल डबी' ऐकलं. तो जोरात म्हणाला, "अंगठी गेली."

त्यानंतर जे झालं ते फार वेगानं झालं. कोणीतरी हॉलचं फाटक लावायला सांगितलं. बायकांचे हात गळ्यांकडे गेले. आइसक्रीम वाटणारे वाटप थांबवून भिंतीला टेकून उभे राहिले. वरपक्षाच्या एका मावशीनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात विचारलं, की म्हंजे आमच्यावर शक आहे काय. गुरुजी उठून उभे राहिले. लग्न लागून तीन तास झाले नव्हते आणि दोन घरं फाटकाच्या दोन बाजूंना उभी राहायच्या बेतात होती.

करुणानं मंचावरून हात वर केला. अंगठी तिच्या बोटात होती.

 गुरुजींनी संजूदादाकडे पाहिलं, संजूदादानं माझ्याकडे पाहिलं. "मंग डबीत काय होतं?" त्यानं विचारलं.

 मला त्या घडीला खरंच वाटलं, की दारू प्यालो होतो असं म्हणून मोकळं व्हावं. तेवढ्यात गर्दीतून मैत्री पुढे आली. निळ्या रबरांच्या तारा चमकवत ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबाचे दात होते."

एवढ्यावर ती थांबली. पुढचं सांगायला मी तोंड उघडलं, पण गुरुजींनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग पार उतरला होता. ते माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "काहून लाजता? माह्यी बी कवळीच आहे."

मी सांगायचा प्रयत्न केला. पण समजून घेणाऱ्या माणसाला अडवणं कठीण असतं. गुरुजींना सगळा उलगडा झाला होता: बिचाऱ्याची कवळी सैल, म्हणून बोबडा बोलत होता, आपण भलताच संशय घेतला. पश्चात्ताप झालेल्या मुख्याध्यापकासारखा धोकादायक प्राणी नाही. ते तडक माइकवर गेले आणि खणखणीत आवाजात त्यांनी जाहीर केलं, की वधूचे फुफाजी यांची कवळी या सभागृहात गहाळ झाली आहे, तरी ज्यांना सापडेल त्यांनी ती कृपया मंचावर आणून द्यावी. त्यांचे सगळे 'स' उत्तम होते.

त्यानंतर डबीचं कोणी नावच काढलं नाही. दोन्हीकडचे पाहुणे मिळून माझी कवळी शोधायला लागले. खुर्च्या उलट्या झाल्या, गालिचा उचलला गेला. मघाच्या त्या मावशी माझ्यासाठी हळहळत हारांमध्ये शोधत होत्या. आणि थोड्या वेळात हात धुवायच्या नळाजवळून कोणीतरी ओरडलं, मिळाली.

एक खरीखुरी कवळी रुमालात घेऊन लोक मंचाकडे आले. टाळ्या पडल्या. गुरुजींनी ती स्वतः पाण्यानं धुतली आणि माझ्यापुढे धरली. मी म्हणालो ही माझी नाही. ते म्हणाले, घाला, आता आपल्या माणसांत काय लाजायचं. फोटोग्राफर पुढे सरसावला. किती वेळ मी ओठ घट्ट मिटून मान हलवत होतो ते सांगता येत नाही. शेवटी बसलेल्या गालांच्या एक आजी गर्दी सारत आल्या, त्यांनी गुरुजींच्या हातातून कवळी घेतली, तोंडात बसवली आणि विचारलं की एवढी भीड कायची जमा झाली.

माझे साचे त्या दिवशी सापडले नाहीत. परतीच्या प्रवासात बडनेऱ्यापर्यंत वैशालीचे खांदे हलत होते. मला आधी वाटलं ती रडतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी करुणाचा अंजनगावहून फोन आला. बोलता येत नव्हतं इतकी ती हसत होती. झालं असं होतं, की तिच्या सासूबाईंनी आवराआवर करताना ती लाल डबी उचलून दागिन्यांच्या पेटीत टाकली होती. सकाळी गल्लीतल्या बायका नव्या सुनेचे दागिने पाहायला आल्या. सासूबाईंनी एकेक डबी उघडून दाखवली. लाल डबी उघडली तर आत लाल मखमलीवर वर-खाली दोन पारदर्शक जबडे. एकीनं विचारलं, हे गळ्यात घालतात का कानात. एकीला ते क्रिस्टलचं वाटलं. शेवटी गुरुजींना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून उजेडात धरून पाहिलं आणि सांगितलं की हे दात नाहीत, हे दाताचे झाकण आहे. मग मैत्रीनं निघताना कानात सांगितलेलं सगळं करुणानं त्यांना सांगितलं.

"फुफाजी, मले रात्री लय भेव वाटत होतं," ती म्हणाली. "नवं घर, नवे मानसं. पन आज सकाळी सारे मिळून एवढे हसले, मले वाटलं जमते बा आपल्याले इथं."

फोन ठेवल्यावर मी तिचं ते वाक्य वैशालीला पुन्हा सांगितलं. एखाद्या लग्नात फुफाजीचा यापेक्षा जास्त काय उपयोग असतो?

गुरुजींनी साचे अमरावतीला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या गाडीतून पाठवले. त्या माणसानं डबी काळजीनं समोरच काचेखाली ठेवली आणि मग दिवसभर गाडी उन्हात उभी करून कामं उरकली. मे महिना होता. डबी माझ्या हातात आली तेव्हा आतले जबडे वळून एकमेकांना चावत होते.

मी ते तसेच डॉक्टरांपुढे ठेवले. आधीचे जोड मी टाकून दिले होते, आणि इतक्या दिवसांत माझे वरचे दोघे पुन्हा एकमेकांवर पाय टाकायला लागले होते. डॉक्टरांनी माझ्या तोंडात पाहिलं आणि सौम्यपणे सांगितलं, की साचे चांगलेच असतात, पण जो घालतो त्याच्यासाठी. तुमच्यासारख्यांना तारा बऱ्या. चिकटवलेल्या असतात, खिशात ठेवता येत नाहीत.

अशा रीतीनं माझ्या तोंडात धातूच्या तारा आल्या. वरणात कालवलेला भात मी खाल्ला. रबरांचा रंग निवडताना मी राखाडी म्हणालो, मैत्रीनं परस्पर हिरवा सांगितला. शाळेत पहिल्या तासाला अख्खा वर्ग माझ्या तोंडाकडे इतकं लक्ष देऊन बघत होता, की असं लक्ष मला इतक्या वर्षांत कधी मिळालं नव्हतं.

आता मात्र लोक मला विचारायला येतात. दातांच्या बाबतीत मी गावात जाणकार समजला जातो. परवा खुद्द गुरुजींचा फोन आला. त्यांच्या नातीचे दात पुढे येऊन राहिले होते, तर चारांपैकी कोणती पद्धत चांगली? मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला, खुर्ची ओढली आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. धातूच्या तारा, सिरॅमिकच्या तारा, मागून बसवायच्या तारा, पारदर्शक साचे, प्रत्येकाचे गुण, प्रत्येकाचे दोष, मग माझं स्वतःचं निरीक्षण. वैशालीचा स्वयंपाक होऊन गेला. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा गुरुजींनी नम्रपणे विचारलं, की ते सारं ठीक आहे सर, पण तुम्हाला स्वतःला शेवटी कोणता उपाय लागू पडला?

मैत्री जेवायला ताट घेऊन चालली होती. ती फोनजवळ वाकली.

"आजोबा, बाबाले एकच उपाय लागू होता," ती म्हणाली. "तोंड बंद ठेवायचा. पन त्याचा डॉक्टर अकोल्यात बी नाई भेटला."

फोनमधून गुरुजींचं हसू येत राहिलं. मी तिला चांगलं खणखणीत उत्तर देणार होतो, शब्दही तयार होते. पण तेवढ्यात माझा वरचा ओठ तारेत अडकला, आणि तो सोडवेपर्यंत सगळ्यांचं जेवण झालं होतं.